डावा रमाबाईंचा

रचनाचा मेसेज आला तेव्हा मी मेथी निवडत होते. ‘काकू, मी परवा आले. आईच्या पहिल्या स्मृतिदिनासाठी तीन आठवडे सुट्टी काढलीय. बुधवारी दुपारी तुमच्याकडे येऊ ना? हातमोजे आणतेय सोबत. एकदाचं सांगून टाका, दोघांतला आईचा कुठला ते. तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. तूच ओळख म्हणायची.’

खाली एक हसरा चेहरा होता. मी मोबाइल पालथा घातला आणि उरलेली मेथी देठांसकट कढईत ढकलली. त्या दिवशीची भाजी आमच्या ह्यांनी मुकाट्याने खाल्ली.

उत्तर सोपं होतं. दोघांतला एकही तिच्या आईचा नाही. दोन्ही हातमोजे मीच विणले आहेत. हे मला माहीत होतं, रमाबाईंना माहीत होतं आणि ह्यांना माहीत होतं. रमाबाई गेल्या. ह्यांना विचारल्याशिवाय ते काही बोलत नाहीत, आणि त्यांना कुणी विचारणार नव्हतं. म्हणजे सांगायचं की नाही, हे माझ्या एकटीवर आलं. बोट दाखवून ‘डावा’ म्हटलं असतं तर संपलं असतं. पोरगी खूश होऊन परत कॅनडाला गेली असती. 

मी डोंबिवलीच्या एका शाळेत एकतीस वर्षं हस्तकला शिकवली. शाळेचं प्रदर्शन दर जानेवारीत असे. पाहुणे यायच्या आदल्या आठवड्यात मुलींनी विणलेले मफलर आणि टोपरी मी पिशवीत भरून घरी आणायची. जिथे टाका गळलाय, कड वाकडी झालीय, ते सगळं उसवायचं आणि स्वतः विणून ठेवायचं. नावाची चिठ्ठी मात्र मुलीचीच. यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही. आमच्या वेळच्या सगळ्याच हस्तकलेच्या बाई हे करत. प्रदर्शनात आया आपल्या लेकींचं कौतुक करायच्या, पाहुणे माना डोलवायचे, आणि मुली माझ्याकडे बघायच्या नाहीत. मला वाटायचं लाजतायत.

निवृत्तीनंतर ठाण्यात एका वाचनालयाच्या सभागृहात मी रविवारचा विणकामाचा वर्ग घ्यायला लागले. तिथे रमाबाई आल्या. कोपरीत राहायच्या. महापालिकेच्या रुग्णालयात चौतीस वर्षं सिस्टर होत्या, त्यामुळे पाठ ताठ आणि आवाज असा की समोरचा आपोआप गप्प बसावा. पहिल्याच दिवशी त्यांचा एक टाका सुटला. मी सवयीने त्यांच्या हातातून सुया घेतल्या. त्यांनी त्या शांतपणे परत घेतल्या.

“बाई, सांगा. शंभरदा सांगा. पण सुई माझ्याच हातात राहू दे.”

वर्गातल्या बायका बघत होत्या. मला राग आला, पण राग येण्यासारखं त्या काही बोललेल्या नव्हत्या, त्यामुळे तो गिळावा लागला. पुढे तीन महिन्यांत वर्ग बंद पडला आणि आम्ही दोघी उरलो. दर बुधवारी दुपारी, एकदा त्यांच्या घरी, एकदा माझ्या. सात वर्षं. शेवटपर्यंत ‘अहो-जाहो’च होतं, पण त्यांच्या घरात चहाची साखर कुठल्या डब्यात असते हे त्यांच्या सुनेआधी मला माहीत होतं.

लोकरीचं खूळ त्यांचं. त्यांची बहीण कलावती खडवलीला असते. दिवाळीनंतर भात निघाला की धनगर कळप घेऊन खाली उतरतात आणि खतासाठी त्यांच्या शेतात मेंढ्या बसवतात. एकदा येताना रमाबाईंनी तिथून पोतंभर लोकर आणली. काळी, राठ, गवताच्या काड्या अडकलेली, आणि वास असा की आमच्या मजल्यावरच्या दोन बायका कुणाचं काय मेलंय ते बघायला आल्या. रमाबाईंनी ती रिठ्याच्या पाण्यात चारदा धुतली, हाताने पिंजली आणि टकळीवर कातली. टकळी त्या शाळेत सूतकताईच्या तासाला शिकल्या होत्या. पन्नास वर्षांनी हातात घेतली आणि बोटं चालायला लागली. मला कातणं कधीच जमलं नाही. माझं सूत तुटायचं. हे कबूल करायला मला दोन वर्षं लागली.

रंगाचं काम माझं. पांढऱ्या मेंढ्या त्या कळपात मोजक्याच, त्यामुळे पांढरी लोकर जपून वापरायची. तिचं सूत तुरटीत भिजवायचं आणि मंजिष्ठेत मंद आचेवर उकळायचं. आमच्या इमारतीच्या बोअरच्या पाण्यात मंजिष्ठा लालबुंद उतरते, नळाच्या पाण्यात नुसती विटकरी. हे आम्हांला तीन पातेली वाया घालवल्यावर कळलं.

आणि विणायची आमची एक रीत होती. जोडीतला एक त्यांनी विणायचा, एक मी. मोजे असोत की हातमोजे, पहिला हौसेने होतो आणि दुसऱ्याला कंटाळा येतो, म्हणून ही वाटणी. उजवा माझा, डावा त्यांचा. त्यांचा हात सैल आणि माझा कडक, तेव्हा त्या तेरा नंबरच्या बारीक सुया घेत आणि मी अकराच्या जाड. मग दोन्हींचं माप एक येई. पाहणाऱ्याला फरक कळत नसे. आम्हांला कळे, आणि त्यातच मजा होती.

रचना, म्हणजे रमाबाईंची धाकटी, आईसारखीच नर्स. तिला एडमंटनला नोकरी लागली. तिथे हिवाळ्यात उणे तीस. पहिल्या हिवाळ्यात तिने व्हिडिओ कॉलवर भेगाळलेले हात दाखवले, आणि बुधवारी रमाबाई आलेखाचा कागद घेऊनच आल्या. त्यावर लाल पेन्सिलीने चौकटी भरून पिंपळाचं पान काढलेलं होतं. लांब देठाचं, टोक वळलेलं.

“आमच्या विहारासमोरचा पिंपळ,” त्या म्हणाल्या. “तिला तिकडे कुठे दिसणार? काळ्यावर लाल पानं विणू. हातावर घेऊन फिरेल.”

पाच बोटांचे नव्हेत. अंगठा वेगळा आणि बाकीची चार बोटं एकाच खोळीत, म्हणजे बोटं एकमेकांना ऊब देतात. मनगटाला पट्टी, वर तीन ओळींत पानं. दोन रंगांचं विणताना समोर एक रंग दिसतो आणि दुसऱ्याचा धागा मागून आडवा जातो. तो ओढला तर कापड चुरगळतं, सैल सोडला तर घालताना बोट अडकतं. सगळं कसब त्या मागच्या धाग्यात. रमाबाई त्यात माझ्यापेक्षा चांगल्या होत्या, आणि हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

मे महिन्यात आम्ही टाके घातले. माझा उजवा महिन्याभरात झाला. त्यांचा डावा काही होईना. मग बुधवार चुकायला लागले. खडवलीला जाते, कलावतीला बरं नाही, म्हणायच्या. मी वैतागले. आमच्या मजल्यावरची क्षिप्रा ऑगस्टअखेर एडमंटनलाच शिकायला जाणार होती. तिच्याबरोबर हातमोजे पाठवायचे ठरले होते. तारीख जवळ आली तशी मी फोनवर टोमणे मारले. “अहो, क्षिप्रा शिकून परत यायची वेळ होईल!” त्या हसायच्या.

क्षिप्रा निघायच्या आदल्या आठवड्यातल्या बुधवारी त्या आल्या. वाळल्या होत्या. डोक्याला स्कार्फ घट्ट बांधलेला, म्हणाल्या, पंख्याने कान दुखतो. मी विश्वास ठेवला. माझं लक्ष त्यांच्याकडे नव्हतंच, त्यांच्या पिशवीकडे होतं. त्यांनी डावा हातमोजा काढून टेबलावर ठेवला आणि वरून तळहात फिरवला.

“धुऊन, ताणून वाळवायचं तेवढं तुम्ही करा,” त्या म्हणाल्या. “काही चुकलं असेल तर राहू द्या, बाई.”

एकतीस वर्षं मुलींनी मला हेच सांगितलं होतं, मान खाली घालून. मला तो विनय वाटला. मी “बघते” म्हटलं.

त्या गेल्यावर मी तो माझ्या उजव्याशेजारी ठेवला आणि माझं डोकं फिरलं. पट्टी छान होती, एकसारखी. पण वरची पानं! एक फुगलेलं, एक आक्रसलेलं. दुसऱ्या ओळीतल्या एका पानाचं देठ मधेच तुटून दोन टाके पलीकडे निघालेलं. आतून मागचे धागे कुठे ताणलेले, कुठे लोंबणारे. सात वर्षांत त्यांनी असं काम केलं नव्हतं. मला वाटलं, घाईत उरकलंय. पोटच्या पोरीसाठी विणताना उरकलंय! आणि हे तिकडे परदेशात लोक बघणार, माझ्या उजव्याशेजारी.

मी टोकाचा धागा सोडवला आणि उसवायला बसले. हे पेपर वाचत होते.

“कुणाचं उसवतेयस?”

“रमाबाईंचं.”

“त्यांना विचारलंस?”

“विचारायचं काय त्यात? त्यांचंच काम सोपं करतेय.”

ह्यांनी पेपर परत वर धरला. पानं उसवून झाली, मी पट्टीशी आले. पट्टीत खोट नव्हती. तिथे थांबता आलं असतं. पण माझी कड जास्त रेखीव येते, आणि आता वरचं सगळं माझंच येणार, तर खालचंही जुळलेलं बरं, असं मनाशी म्हणत मी पहिल्या टाक्यापर्यंत उसवत गेले. सूत कुरळं झालं होतं. दुसरं सूत शिल्लक नव्हतं. तेच ओलं करून, वजन लावून वाळवलं आणि तीन दिवसांत नवा डावा विणला. निर्दोष झाला. खरं सांगते, मला अभिमान वाटला.

रविवारी रमाबाई क्षिप्राकडे द्यायला जवसाची चटणी घेऊन आल्या. मी जोडी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी डावा उचलला. वळवून पाहिला. मग आतली बाजू बाहेर काढली आणि मागचे धागे पाहिले, ते सगळे माझ्या हाताचे, कडक, शिस्तीत. मी “थोडासा हात फिरवला” असं काहीतरी म्हटलं. त्यांनी हातमोजा पुन्हा सुलट केला, जोडी नीट जुळवली आणि चटणीच्या डब्याशेजारी ठेवली.

“छान झालंय,” त्या म्हणाल्या.

चहा न घेता गेल्या. पुढच्या बुधवारी आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. मी दोनदा फोन केला, सुनेने उचलला, आई झोपल्यात म्हणाली. मग मीही केला नाही. मला वाटलं, एवढ्याशा गोष्टीचा एवढा राग! चांगलं तर करून दिलं. मी काही पाया पडायला जाणार नाही. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर मी या तोऱ्यात काढले. डोंबिवलीहून कोपरीला जायला तासही लागत नाही.

डिसेंबरात त्यांच्या मुलाचा, सिद्धेशचा फोन आला. आई गेली.

पुण्यानुमोदनाला मी गेले. रचना त्याच आठवड्यात येऊन परत गेली होती, तिला जास्त सुट्टी मिळाली नव्हती. मला हायसं वाटलं, हेही लिहून ठेवते. वंदना झाली, लोक पांगले, आणि सून वैशाली माझ्याजवळ येऊन बसली. तिला वाटत होतं मला सगळं माहीत आहे.

“केमो चालू झाल्यापासून बोटांना काय कळायचंच नाही त्यांच्या,” ती म्हणाली. “तवा हाताला लागला तरी कळला नव्हता. पट्टी आधी झालेली, म्हणून वाचली. पण ती पानं! टाका सुईवर आहे की पडला ते डोळ्याने बघायला लागायचं. एक ओळ घालायला दुपार जायची. मी बोललेले, आई सोडा, बाई करतील. तर म्हणे, नाही गं, डावा माझा आहे.”

मी तिथे रडले नाही. ठाणे स्टेशनच्या पुलावर रडले, दिवसाढवळ्या, आणि एका अनोळखी बाईने मला पाण्याची बाटली दिली. खडवली नव्हतीच. बुधवारी त्या रुग्णालयात जात होत्या. चौतीस वर्षं लोकांची दुखणी काढलेली बाई स्वतःचं दुखणं कुणाच्या डोळ्यांत बघायला तयार नव्हती. मला त्यांनी एवढंच मागितलं होतं की चुकलेलं राहू द्या. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. मी तर झोपाही केला नाही. वर्षभर नुसती गप्प बसले.

तर ती रचना बुधवारी आली. आईसारखीच ताठ. हातात मिठाईचा डबा आणि कापडी पिशवी. डिसेंबर असूनही दुपारी पंखा लागत होता, आणि त्या पंख्याखाली तिने पिशवीतून हातमोजे काढून टेबलावर ठेवले. दोन हिवाळे वापरून काळ्यावर थोडी लव आली होती. लाल तसाच लाल होता.

“थांबा, सांगू नका,” ती म्हणाली. “मी ओळखलंय. डावा आईचा. हो ना?”

“कशावरून?”

“उजवा कडक आहे. तुमच्यासारखा.” ती हसली. “सॉरी हां काकू. पण डावा मऊ आहे, हात लावून बघा. आई गेल्यानंतर तर मी डावा काढतच नाही. बसस्टॉपवर मोबाइल उजव्या हाताने, किल्ली उजव्या हाताने. डावा असा गालाला लावून उभी राहते. येडी वाटत असेन लोकांना.”

आणि तिने तो गालाला लावून दाखवला.

मऊ होताच तो. एकदा विणून उसवलेली, भिजवलेली, ताणलेली लोकर पुन्हा विणली की मऊच होते. आता फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. ह्यांनी पेपर खाली केला आणि माझ्याकडे बघितलं. मला प्रदर्शनातल्या मुली आठवल्या, आया कौतुक करत असताना भलतीकडेच बघणाऱ्या. त्या लाजत नव्हत्या.

“रचना,” मी म्हटलं, “दोन्ही माझे आहेत.”

तिला कळेना. मग मी सगळं सांगितलं. आधी गुंडाळून सांगायला लागले, मग सरळ सांगितलं. ती ऐकत होती. हातमोजा गालावरून मांडीवर आला.

“सगळा उसवलात?”

“सगळा.”

“पट्टी पण?”

“पट्टी पण.”

“पट्टी चुकलेली?”

“नाही. पट्टी चांगली होती.”

“मग?”

मी मिठाईचा डबा उगाच टेबलाच्या कडेला सरकवला. पंखा फिरत होता. तिने विचारलं, “आईला कळलेलं?”

“लगेच.”

“काय बोलली?”

“छान झालंय म्हणाल्या.”

रचनाने मान वर केली. “मी दर बुधवारी फोन करायचे तिला. म्हणायची, ठेव, बाईंकडे चाललेय. शेवटच्या महिन्यापर्यंत. तुमच्याबद्दल एक शब्द वाकडा नाही बोलली कधी. मला वाटायचं, बरं आहे, कुणीतरी आहे तिला.” तिचा आवाज तिथे फाटला. “आणि तुम्ही फोन पण नाही केलात?”

“दोनदा केला.”

“दोनदा,” ती म्हणाली.

ती उठली. उजवा हातमोजा पिशवीत टाकला. डावा टेबलावर तसाच ठेवला, आणि गेली. मिठाईचा डबा उघडला गेलाच नाही. ह्यांनी तो फ्रीजमध्ये ठेवला आणि न विचारता मत दिलं. “बरं केलंस सांगितलंस,” म्हणाले. मला ते मुळीच बरं वाटलं नाही. तीन दिवस तो डावा टेबलावर होता. आम्ही त्याच्याभोवती ताटं मांडून जेवलो.

शनिवारी बेल वाजली. दारात रचना. हातात आईच्या तेरा नंबरच्या सुया, रबर लावलेल्या, आणि तो आलेखाचा कागद, घड्यांवर फाटलेला.

“उसवून द्या,” ती म्हणाली. “सूत तर आईचं आहे ना? की ते पण नाही?”

“सूत सगळं त्यांचं. मला कातता येत नाही.”

“मग द्या उसवून. डावा मी विणणार.”

“येतं तुला?”

“सुलट-उलट येतं. आईने शाळेत असताना शिकवलेलं. बाकीचं तुम्ही सांगा. पण सुईला हात लावायचा नाही.” मी काही बोलायच्या आत तिने पुढे जोडलं, “आईच म्हणायची. बाई लाख चांगल्या आहेत, फक्त त्यांच्या हातात सुई देऊ नको.”

मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही. ती हसली नाही.

मी उसवत गेले, ती गुंडाळत गेली. माझे निर्दोष टाके सरसर सुटत होते. कधी नव्हे ते मला त्यांची किळस आली. पट्टीशी आल्यावर माझा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तीही उसवली. हातात कुरळ्या सुताचे दोन गुंडे आले, एक काळा, एक लाल. धुऊन, खाली वाटी बांधून गॅलरीत टांगले.

त्यानंतर सुट्टी संपेपर्यंत ती जवळपास रोज दुपारी येत होती. माझ्याशी तिचं बोलणं कामापुरतं. “आता लाल मागून घेऊ?” “घे.” “अंगठ्याचे टाके किती?” “सतरा.” तिचा हात आईपेक्षाही सैल. टाके मोठे होत होते, धागे लोंबत होते, आणि माझी बोटं मांडीवर आपोआप हलत होती. जित्याची खोड. शेवटी मी हातांना काम म्हणून शेंगदाणे सोलत बसायला लागले. तिसऱ्यांदा विणलं जाणारं सूत, ते दोनदा तुटलं. तेवढं तिने माझ्याकडे दिलं. हाताने कातलेल्या लोकरीला गाठ मारायची गरज नसते. दोन टोकं पिंजून एकमेकांवर ठेवायची, पाण्याचं बोट लावायचं आणि तळहातांत जोरात घासायची. धागा जुळतो, सांधा सापडत नाही. हे मला रमाबाईंनी शिकवलं होतं. रचना माझ्या तळहातांकडे बघत राहिली आणि म्हणाली, “आई असंच करायची.” त्या दिवशी तिने चहा घेतला.

तिचं विमान रविवारी होतं. शुक्रवारी दुपारी तिने शेवटचे टाके बंद केले, धागा आत ओवला आणि हातमोजा डाव्या हातात चढवला. पिशवीतून उजवा काढून दुसऱ्या हातात घातला. दोन्ही हात माझ्यापुढे धरले. डावा चांगला बोटभर मोठा झाला होता. पानं गबाळी. आणि दुसऱ्या ओळीतल्या एका पानाचं देठ मधेच तुटून एक टाका पलीकडे निघालं होतं. ते पडताना मी बघितलं होतं, सोमवारी. त्या वेळी शेंगदाण्यांचं टरफल माझ्या नखात रुतून रक्त आलं होतं.

“काकू, खरं सांगा,” ती म्हणाली. “छान झालंय असं नका म्हणू.”

“छान नाही झालं. सैल आहे. आणि या पानाचं देठ चुकलंय.”

“दिसलं मला. काल दिसलं.” तिने त्या पानावरून उजवा अंगठा फिरवला. “आहे अजून दीड दिवस. उसवू?”

दीड दिवसात झालं असतं. शेजारी बसून सांगितलं असतं तर एका दुपारीही झालं असतं. तिने हातमोजा काढून आमच्या दोघींच्या मधे ठेवला होता, रमाबाईंनी ठेवला होता त्याच जागी. मी हात मांडीवरच ठेवले.

“राहू दे,” मी म्हटलं.

हेच दोन शब्द रमाबाईंनी माझ्याकडे मागितले होते. तेव्हा म्हटले असते तर त्या पुढच्या बुधवारी आल्या असत्या.